मटणाचं वजन कच्चं धरायचं की शिजलेलं? इनामगावच्या हाडांचा हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय मटणाचा आहे, त्यामुळे जेवण झाल्यावर वाचा.

गेल्या रविवारी अर्धा किलो मटण आणलं. घरात आम्ही चौघं. चिरंजीव एकोणीस वर्षांचे, सध्या जिमला जातात, आणि जिममधल्या दादाने सांगितलंय की वजनाच्या किलोमागे रोज दोन ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. पोराचं वजन ६८ किलो, म्हणजे रोजचं १३६ ग्रॅम. मोबाईलमध्ये एक ॲप आहे, जे खाल्लं ते त्यात भरायचं. त्याने अर्ध्या किलोचे चार भाग केले आणि भरलं, मटण १२५ ग्रॅम. ॲपने सांगितलं, प्रोटीन ३२ ग्रॅम. स्वारी खूश.

त्याची आई ताटं उचलता उचलता म्हणाली, "आणि ही हाडं कुणाच्या खात्यात घालू? ती पण तूच खाल्लीस का?"

झालं, पेटलं. मी वजनकाटा काढला. चौघांच्या ताटातली हाडं धुऊन मोजली तर १२० ग्रॅम भरली. म्हणजे अर्धा किलोत खरं मांस ३८० ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा जुना तक्ता माझ्याकडे आहे, गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली काढलेला. त्यात कच्च्या, बिनहाडाच्या १०० ग्रॅम मटणात १८.५ ग्रॅम प्रथिनं दिली आहेत. ३८० ग्रॅमची झाली सत्तर. चौघांत वाटली तर माणशी साडेसतरा. कुठे ३२ आणि कुठे साडेसतरा!

चूक ॲपची नव्हती. ॲपमधला आकडा भाजलेल्या, बिनहाडाच्या मांसाचा होता आणि पोराने वजन टाकलं ते कच्च्या, हाडासकट मटणाचं. मटण शिजलं की त्यातलं पाणी निघून जातं. शंभर ग्रॅमचे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम राहतात. प्रथिनं बहुतेक आहेत तिथेच राहतात, थोडी अळणी पाण्यात उतरतात, आणि ते अळणी आमच्याकडे पहिल्यांदा पोरांनाच मिळतं. म्हणजे कच्च्यात शेकडा १८.५ असलेला आकडा शिजल्यावर शेकडा २५-२६ होतो. कुणाला वाटेल, शिजवल्याने प्रोटीन वाढलं. वाढलं काही नाही, फक्त पाणी गेलं.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण मला त्या रात्री झोप येईना आणि डोक्यात इनामगाव आलं. तीन तासांपूर्वी आपल्याच चुलीवर शिजलेलं मटण मोजताना आपली ही तऱ्हा. आणि आमच्याच शिरूर तालुक्यात काही लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वीचं मटण मोजायला घेतलं होतं.

न्हावरे ओलांडून काष्टीच्या दिशेला निघालं की घोड नदीच्या काठी इनामगाव लागतं. आज बघाल तर चहूकडे ऊस. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच बातम्या द्यायला लागलो होतो तेव्हा पाणीटंचाईच्या बातमीसाठी तिथे गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी हात करून दाखवलं, "त्या टेकाडावर कॉलेजातले लोक बारा-पंधरा वर्ष खड्डे करीत होते. मडकी आणि हाडं घेऊन गेले." मला तेव्हा त्यात बातमी दिसली नाही. पाण्याची बातमी दिली आणि मोकळा झालो.

ते कॉलेज म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. १९६८ साली ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी इथे उत्खनन सुरू केलं आणि ते १९८३ पर्यंत चाललं. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळाच्या एकाच गावाची एवढी सविस्तर खोदाई त्याआधी झाली नव्हती. इ. स. पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षं लोक तिथे राहिले. आधी माळवा संस्कृतीचे, मग आद्य जोर्वे, मग उत्तर जोर्वे. जोर्वे म्हणजे आपलं संगमनेरजवळचं गाव, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. शंभराहून जास्त घरं सापडली. आद्य जोर्वेच्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर आणि शेजारी धान्याचं कोठार. नदीला बांध, पाण्यासाठी चारी. कुंभार, सोनार असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला. सरपंचाचं घर मधे आणि कारागिरांची आळी कडेला, हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

सहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका धड्यात इनामगाववर भाग होता, आमच्या भाचीने तो वाचलाय. शिरूरच्या पोरांना मात्र तो गाव आपल्या तालुक्यात आहे हे सांगावं लागतं.

आता हाडं. त्या टेकाडातून हजारोंनी हाडं निघाली. गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर, सांबर, चितळ, काळवीट, ससा, पक्षी, मासे, कासव, खेकडा, अगदी मगरसुद्धा. घोड नदीत मगर, कल्पना करा! कित्येक हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. (गाय-बैल हा शब्द वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. हाडं तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, त्यांनी आपल्याला विचारून काही केलेलं नाही.) डेक्कन कॉलेजचे पी. के. थॉमस यांनी ही हाडं वर्षानुवर्षं तपासली.

हाडावरून मटण कसं मोजतात? पहिली पायरी ओळखण्याची. तुकडा हातात घेऊन तो शेळीचा की काळविटाचा, खांद्याचा की मांडीचा, हे ठरवायचं. शेळी आणि मेंढी यांच्यात तर बऱ्याच तुकड्यांवरून फरकच करता येत नाही, म्हणून पुरातत्त्ववाले दोघींना एकाच खात्यात टाकतात. दुसरी पायरी तुकडे मोजण्याची. पण इथे गडबड आहे. एका बैलाची एक नळी फोडून मगज खाल्ला की तिचे दहा तुकडे होतात. दहा तुकडे म्हणजे दहा बैल नव्हेत. मग ते असं करतात की एखादं हाड पकडायचं, समजा शेळीचा डावा खांदा. शेळीला डावा खांदा एकच. असे सात डावे खांदे सापडले तर निदान सात शेळ्या होत्या. जास्त असतील, कमी असू शकत नाहीत.

तिसरी पायरी मटणाची. अमेरिकेत थिओडोर व्हाइट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ साली एक सोपी रीत मांडली. लांब पायांच्या जनावराच्या जिवंत वजनाचा निम्मा भाग खाण्याजोगा धरायचा, आखूड पायांच्या जनावराचा सत्तर टक्के. मी हे आमच्या मटणवाल्या मामांना सांगितलं. मामा हसले आणि म्हणाले, "निम्मं म्हणजे हाडासकट. आणि बोकड चांगलं पोसलेलं असेल तर." वीस किलोचं बोकड कापलं तर नऊ-दहा किलो मटण हाती येतं, हा त्यांचा रोजचा अनुभव. गोऱ्या साहेबाने कागदावर काढलेला आकडा आणि मामांच्या तराजूवरचा आकडा जवळपास एकच निघाला.

आता समजा, निव्वळ उदाहरण म्हणून, एका खड्ड्यात सात शेळ्यांची आणि एका बैलाची हाडं मिळाली. हाडं मोजली तर माणूस म्हणेल, हे शेळी खाणारे लोक. वीस किलोच्या सात शेळ्या म्हणजे मटण सत्तर किलो. अडीचशे किलोचा एक बैल म्हणजे सव्वाशे किलो. मोजणीत शेळी जिंकली आणि पोटात बैल जिंकला. त्यातून बैल रोज कापत नसत, तो आधी नांगराला होता. गाय दुधाला होती, आणि दुधाचं हाड मागे राहत नाही. डाळीचंही राहत नाही, जळका दाणा राहिला तर राहिला. असे जळके दाणे एम. डी. काजळे यांनी तपासले. सातू हे मुख्य धान्य, जोडीला गहू, आणि मसूर, वाटाणा, हुलग्यासारखी कडधान्यं.

हुलग्याची एक गंमत. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात कोरड्या हुलग्यात शेकडा २२ ग्रॅम प्रथिनं आहेत, मटणापेक्षा जास्त. पण हुलगा शिजला की पाणी पितो आणि अडीच पट होतो, त्यामुळे वाटीतला आकडा खाली येतो. मटण शिजताना पाणी सोडतं आणि त्याचा आकडा वर जातो. दोघांना एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसवलं आणि कच्चं-शिजलेलं सांगायचं राहिलं, की आमच्या चिरंजीवांसारखा घोळ होतो.

आणि हा प्रथिनांचा आकडा तरी येतो कुठून? १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केलडाल नावाच्या माणसाने नायट्रोजन मोजायची पद्धत काढली. कार्ल्सबर्ग म्हणजे तीच बिअरवाली कंपनी. बिअरच्या सातूत प्रथिनं किती, हे त्यांना हवं होतं. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं की झालं प्रथिन. म्हणजे आपण ज्याला प्रोटीन मोजणं म्हणतो ते खरं तर नायट्रोजन मोजून केलेला गुणाकार आहे. आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नाचे तक्ते छापले, ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली, आणि तिथूनच १९७१ चं पुस्तक आलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

इनामगावात साधारण इ. स. पू. १००० नंतर काहीतरी बिघडलं. उत्तर जोर्वे काळात मोठी चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली. गहू घटला. आणि हाडांमध्ये हरीण-काळवीट अशा शिकारीच्या जनावरांचं प्रमाण वाढलं. ढवळीकरांनी याचा अर्थ लावला तो असा की पाऊस कमी झाला, शेती बसली, लोक शिकारीकडे आणि भटकंतीकडे वळले. दातांनीही त्याला दुजोरा दिला. अमेरिकेचे जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी इथल्या सांगाड्यांवर १९८६ साली एक अख्खा खंड काढला. आद्य जोर्वे काळाच्या मानाने उत्तर जोर्वेत दातांची कीड कमी दिसली. कीड लागते पिठूळ खाण्याने. म्हणजे ताटात धान्य कमी झालं होतं.

आता ॲपवाल्याच्या डोक्याने विचार करा. धान्याचा वाटा कमी, शिकारीचं मांस जास्त. म्हणजे प्रोटीनची टक्केवारी वर. आजचा जिमवाला दादा म्हणेल, वा, काय डाएट आहे! या लोकांच्या पोरांची हाडं दणकट असायला हवीत.

इनामगावचे लोक मेलेल्या लहान मुलांना घराच्याच जमिनीत पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत लेकरू. मोठ्यांना आडवं, डोकं उत्तरेला, आणि बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली. एक पुरुष मात्र पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला, पावलांसकट. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, कारण तो रांजण फोटोत भारी दिसतो. मडक्यांतल्या लेकरांकडे वाचकाचं लक्ष कमी जातं.

या लेकरांकडे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधक बाईंनी पाहिलं. इनामगाव, नेवासा आणि दायमाबाद इथल्या मुलांच्या सांगाड्यांवर त्यांनी काम केलं आणि २०११ साली त्यावर पुस्तक काढलं. वय दातांवरून काढायचं, उंची आणि वजनाचा अंदाज मांडीच्या हाडावरून, आणि मग दोन्ही ताडून पाहायचं. निष्कर्ष असा आला की उत्तर जोर्वेच्या काळातली मुलं आपल्या वयाच्या मानाने खुरटलेली आणि हाडकुळी होती. हवामान कोरडं झालं म्हणून हे झालं, या जुन्या उत्तरावरही त्यांनी प्रश्नचिन्ह लावलं. वाद अजून मिटलेला नाही. लुकाच आणि वाळिंबे यांनी मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे तपासून १९९८ साली लिहिलं होतं, आणि तेही तान्हेपणातल्या ओढाताणीबद्दलच होतं.

म्हणजे उकिरडा म्हणतोय की शिकार वाढली, आणि मडक्यातलं लेकरू म्हणतंय की मी उपाशी होतो. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. शिजलेल्या मटणाचा आकडा का वाढतो ते आठवा, पाणी गेलं म्हणून. तसंच इथे. शिकारीच्या हाडांची टक्केवारी वाढली, याचा अर्थ शिकार वाढलीच असं नाही. बाकीचं सगळं कमी झालं तरी टक्केवारी वाढते. गोठ्यातली जनावरं कमी झाली, कोठारातलं धान्य कमी झालं, तर होतं तेवढंच काळवीट ताटात मोठं दिसायला लागतं. नऊशे वर्षांच्या उकिरड्यावरून माणशी रोज किती ग्रॅम, हे कुणालाही काढता येत नाही. कुत्र्यांनी किती नेली, नदीने किती नेली, कुणाला ठाऊक? वाटा काढता येतो, पोट भरलं का ते काढता येत नाही. ते खाणाऱ्याच्या स्वतःच्या हाडावरच लिहिलेलं असतं.

आणि समजा शिकार खरंच थोडी वाढली असेल, तरी पोरं हाडकुळी कशी? याचं उत्तर इनामगावच्या टेकाडावर नाही, ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाने दिलंय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. खटाव तालुक्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. संख्याशास्त्रज्ञ. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत १९५१ पासून जवळपास वीस वर्षं सांख्यिकी विभाग सांभाळला, मग पुण्यात येऊन राहिले.

योगायोग बघा. १९६८ साली सांकलियांची कुदळ इनामगावात पडली, आणि त्याच साली संयुक्त राष्ट्रांनी अहवाल काढला की जगावर प्रथिनांचं संकट येतंय. गरीब देशांतल्या मुलांना प्रोटीन मिळत नाही, म्हणून माशांची पावडर, शेंगदाण्याची पेंड, तेलावर वाढवलेलं यीस्ट, काय काय योजना निघाल्या. सुखात्म्यांनी आकडे मांडले आणि १९७० साली म्हणाले की भारतात ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यातल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतंय. भाकरी पुरेशी मिळाली तर प्रथिनांचा बराचसा भाग तिच्यातूनच येतो. दोनशे ग्रॅम बाजरीच्या पिठात २३ ग्रॅम प्रथिनं आहेत, मी तक्त्यात पाहिलं. आणि पोट रिकामं असेल तर शरीर प्रथिनालाही सरपण म्हणून जाळतं. चुलीत लाकूड नसलं की आपण खुर्चीचा पाय घालतो, तसं. मग हाड बांधायला काय उरणार? पुढे १९७४ मध्ये लॅन्सेटमध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या सगळ्या प्रथिन-मोहिमेची फजिती या शब्दांतच संभावना केली.

उत्तर जोर्वेच्या लेकरांना हे कोडं चपखल बसतं असं मला वाटतं. हे माझं मत, डेक्कन कॉलेजचं नाही. सातू-गहू घटला, एकूण घास कमी झाला, आणि जे काळवीट मिळालं ते अंगाला न लागता चुलीत जळलं.

पण सुखात्मे इथेच थांबले नाहीत, आणि इथे मी त्यांच्यापासून थोडा बाजूला होतो. त्यांचं पुढचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरज रोज बदलते, शरीर कमी अन्नाशी एका मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका. संख्याशास्त्र म्हणून बरोबर असेल. पण त्याच सुमारास डेव्हिड सेकलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हे आणखी ताणलं, की गरिबांची मुलं लहानखुरी असली तरी निरोगी आहेत, लहान असणं हीच त्यांची सोय आहे. यावर गोपालन खवळले. तेच गोपालन, ज्यांच्या तक्त्यावरून मी आमच्या मटणाचा हिशोब केला. १९८३ साली त्यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारलं की लहान असणं हे आरोग्याचं लक्षण फक्त गरिबांसाठीच का, श्रीमंतांसाठी का नाही?

या प्रश्नाला इनामगावचं टेकाड साक्षीला आहे. तिथल्या लहानखुऱ्या मुलांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं असं म्हणायचं, तर ती मडक्यात का आहेत? आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गावच सोडून लोक गेले.

आता आजचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा २०२० चा आकडा आहे, निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन. आमच्या चिरंजीवांना त्या हिशोबाने छप्पन्न ग्रॅम लागतात. व्यायाम करतो म्हणून थोडे जास्त धरा. एकशे छत्तीसचा आग्रह धरून डब्यातली पावडर आणायची का, यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे. ते सुखी माणसाचं दुखणं आहे, मला कळतं.

कारण त्याच तालुक्यात दुसरा हिशोबही चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. पन्नास ग्रॅमचं अंडं धरलं तर साडेसहा ग्रॅम प्रथिन. पोरं त्या दिवशी हमखास शाळेत येतात असं मला एकापेक्षा जास्त गुरुजींनी सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्याचे सरकारी पैसे थांबले, द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. कुणी म्हणेल, एका अंड्याने काय होतं, भाकरी महत्त्वाची, सुखात्म्यांनीच सांगितलंय. सुखात्म्यांचं वाक्य असं अर्धं वापरायचं नसतं. ते अन्न कमी करा म्हणत नव्हते, आधी पोटभर द्या म्हणत होते. अंड्यातली चरबीसुद्धा सरपण आहे.

मागच्या हंगामात मी पुन्हा इनामगावकडे गेलो होतो, या वेळी टेकाड बघायलाच. बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही. खड्डे बुजले, वस्तू डेक्कन कॉलेजला. येताना रस्त्याच्या कडेला उसाच्या फडाजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. गोल, लहान, चार-चारच्या घोळक्याने. मी उत्तर जोर्वेच्या झोपड्यांचे नकाशे नुकतेच पाहून आलो होतो, त्यामुळे गाडी थांबवली.

तिथे एक अंगणवाडी ताई वजनकाटा आणि उंचीची पट्टी घेऊन आल्या होत्या. पोरं रांगेत. आया फडात. एक साडेतीन-चार वर्षांची मुलगी पट्टीला पाठ लावून उभी राहिली, टाचा उचलत होती. ताईंनी हाताने टाचा खाली दाबल्या आणि म्हणाल्या, "चवडे नाही गं बाई, नीट उभी राहा." मग दंडाचा घेर घेतला. पट्टीवर पिवळा आला.

मी विचारलं, "ताई, हिचं पुढच्या महिन्यात परत मोजणार ना?"

"पुढच्या महिन्यात हे लोक कुठल्या फडावर असतील, कुणाला माहीत?" त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या नावापुढे उंची लिहिली.